नवशिक्यांसाठी बारा टिपा, त्यातल्या पाच माझ्याकडे

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मामाला तर नाहीच.
समोरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, ती आज मामाच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात आली. तिच्या दादाचा जुना कॉम्प्युटर चालू होत नव्हता. मी केला. (धूळ फुंकली. पण योग्य जागी फुंकली.) त्यात तो गेम निघाला. सहा जणांची टोळी बनवायची, तळघरात उतरायचं, राक्षस मारत सातव्या मजल्यावरच्या ड्रॅगनपर्यंत पोचायचं. ती म्हणाली, दादा कधी हात लावू द्यायचा नाही, आता तो परदेशात आहे, पूर्ण करून त्याला फोटोच पाठवते. मग विचारलं, तुम्हाला येतो का हा. मी म्हटलं, कोळून प्यायलोय.
कॉलेजात तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो होतो. तिसराच सगळ्यात अवघड असतो, असं माझं मत आहे.
तिने सुरुवातीच्या टिपा लिहून मागितल्या.
संकल्प: गुरुवारपर्यंत बारा टिपा. पंधरा दिवसांत एक स्क्रीन, दोन खुर्च्या.

४ मार्च, मंगळवार
टीप एक: पुढच्या रांगेत तीन दांडगे, मागे तीन नाजूक.
टीप दोन: जादूगार सुरुवातीला कुचकामी वाटतो. त्याला हसू नये, जपावं. शेवटी तोच सगळ्यांना पुरून उरतो.
हे दोनदा अधोरेखित केलं. दुसऱ्या वर्षाला कॉलेज मी तत्त्वासाठी सोडलं. हजेरीचं निमित्त होतं.
टीप तीन: जखमा भरणारा वैदू सोबत असल्याशिवाय एक पायरीही उतरू नये.
मामाने विचारलं, राजे, सकाळपासून काय खरडताय, तो लॅपटॉप उघडून तसाच पडलाय. मी म्हटलं, विचार चालू आहे. तो म्हणाला, गिऱ्हाईक पण विचारच करतंय, दुसरीकडे जावं की काय.

५ मार्च, बुधवार
बारा झाल्या. आणि मग सुचलं.
सगळ्या दिल्या तर ती परत कशाला येईल? सातच द्यायच्या. गेम वरचेवर सेव्ह करा, ही तर मुद्दाम ठेवून घ्यायची. दोन दिवसांची मेहनत वाया गेली की रस्ता ओलांडून धावत येईल. याला लबाडी म्हणत नाहीत. डॉक्टरही सगळं पहिल्याच भेटीत सांगत नाहीत.

६ मार्च, गुरुवार, दुपारी १२
दिल्या. उभ्या उभ्या वाचल्या तिने. म्हणाली, अक्षर फार छान आहे हो तुमचं.
अक्षर.
कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. डबीला आतून मखमल असते.

८ मार्च, शनिवार
आली नाही. लाजत असेल.
कॉम्प्युटर तिने चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मांडलाय, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत खेळता यावं. आमच्या काउंटरवरून ती खोली दिसत नाही. काउंटर दोन फूट सरकवल्यास दार दिसतं. सरकवलं. मामा म्हणाला, वास्तुशास्त्र वाचलंस का काय.
दारातून फिजिओ बाहेर पडला. वरच्या मजल्यावर त्याचा दवाखाना आहे. दिवसभर लोकांचे खांदे पिरगाळतो. स्वतःला मान म्हणून नाही, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. ती त्याला म्हणाली, अरे, डबा विसरलास.
त्याला अरे. मला अहो. याचा अर्थ तिला माझ्याबद्दल आदर आहे.
मी जळत नाही. दार जोरात आपटलं ते वाऱ्याने.

१० मार्च, सोमवार
मामी चष्म्याचा नंबर काढायला गेली होती. मी पाठवलं नव्हतं, फक्त म्हटलं होतं की तिला हल्ली सुई ओवता येत नाही.
मामीचा अहवाल: ती आणि फिजिओ दोघं मिळून खेळतात. पहिल्या दिवशी सगळं पुसलं गेलं, ती रडकुंडीला आली. फिजिओने कधी गेम पाहिला नव्हता, पण त्याने मेनू उघडला. सेव्ह पहिलंच होतं.
मामी पुढे म्हणाली, काय गोड मुलगा आहे बाई, माझ्या गुडघ्याचं आपणहून विचारलं.
माझ्या घरात राहून.
उपाय सापडला. तोच गेम दुकानातल्या सुट्या मशीनवर टाकला. माझी टोळी: मी जादूगार, ती वैदू, मामा, मामी, माझी ताई, आणि पुढच्या रांगेत मधोमध फिजिओ. चिलखत नाही, ढाल नाही, हातात काठी. पहिल्या मजल्यावर संपवायचा.

११ मार्च, मंगळवार
फिजिओ मेला नाही.
मधोमध असल्याने सगळे राक्षस त्याच्याच अंगावर येतात. तो काठीने मारतो. मारणाऱ्याला अनुभव मिळतो, अनुभवाने पातळी वाढते. आम्ही सगळे दुसऱ्या पातळीवर, तो पाचव्या. जखमा फक्त त्यालाच होतात, त्यामुळे ती सारखी त्याच्यावरच फुंकर घालते. माझ्या मशीनवर. मी बनवलेली ती.
स्क्रीनला दोन शब्द सुनावले. लॅपटॉप न्यायला आलेल्या बाई दारातूनच परत गेल्या.

१२ मार्च, बुधवार, दुपारी ३
मी मेलो. उंदीर चावला. एकदाच.
मेलेल्याला देवळात नेलं तर जिवंत करता येतं. पण प्रेत उचलायला ताकद लागते. तेवढी ताकद टोळीत एकाचीच होती.
म्हणजे मी फिजिओच्या खांद्यावर, शेजारून ती चालतेय, एकच मजला, पण संपायलाच तयार नाही. मी पूर्ण पाहिलं. मग कीबोर्डवर मूठ बसली आणि हल्ल्याचं बटण उडून पंख्यात गेलं.
मामाने शांतपणे विचारलं, तुझ्या टोळीत मीही आहे म्हणे. मी हो म्हटलं. तो म्हणाला, काढ मला, इथे तुझ्याबरोबर मरतोय तेवढं पुरे.

१३ मार्च, गुरुवार
फिजिओला टोळीतून हाकललं. फार बरं वाटलं.
पाच जण उतरलो. जिन्याच्या पायथ्याशी पाचही गेलो. मामी सगळ्यात शेवटी, एकटी, मुसळ घेऊन.
संध्याकाळी मामीने चहा पुढे केला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

१४ मार्च, शुक्रवार
निर्णय. उद्या जेवणाच्या सुट्टीत स्वतः जायचं. उरलेल्या पाच टिपा तिच्या हातात द्यायच्या आणि मनातलं सरळ सांगून टाकायचं. फिजिओ समोर असला तरी. असला तर उत्तमच.
निळा शर्ट. इस्त्री स्वतः केली. मामीने विचारलं, मुलाखत आहे का. एका अर्थी.

१५ मार्च, शनिवार, दुपारी १
गेलो. दोघं तिथेच. तळघराच्या सहाव्या मजल्यावर.
सहाव्या.
फिजिओ उठला आणि मला खुर्ची दिली. ओरडला असता तर काहीतरी बोलता आलं असतं. बसलो.
तिने पाचही टिपा वाचल्या. म्हणाली, हे आता कळलंय आम्हाला, पण तुमच्या पहिल्या सात नसत्या तर आम्ही सुरूच केलं नसतं.
आम्ही.
मग म्हणाली, एक टीप मात्र तुमच्या यादीत नाही, ती आम्ही शोधली. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, ऐका तर. नवीन माणसाला गेमकडून एक तलवार आणि एक चिलखत फुकट मिळतं. म्हणून सहांच्या टोळीशिवाय एक सातवा बनवायचा. त्याचं सगळं काढून आपल्या सहांना द्यायचं आणि त्याला गेममधल्या सराईमध्ये, म्हणजे धर्मशाळेत, बसवून ठेवायचं. तो बसून राहतो, खात नाही, पीत नाही.
मी विचारलं, सातव्याचं नाव काय ठेवलं.
तिने सराईची यादी उघडली. माझं नाव. अगदी शुद्ध. पहिली पातळी. हातात: काही नाही. अंगावर: काही नाही.
फिजिओ म्हणाला, दोस्ता, चौथ्या मजल्यापर्यंत मी तुझ्याच तलवारीने लढलो, फार चालली. मनापासून म्हणाला. हात पुढे केला. मी दिला. खांदाही दुखायचा थांबला, तो आठवडाभर दुखत होता हे तेव्हा कळलं.
मनातलं सांगायचं राहिलं. निळ्या शर्टात बोलायला सुचत नाही.

१७ मार्च, सोमवार, सकाळी ११
काल ड्रॅगन मेला. दादाला फोटो गेला. आज दोघं कॉम्प्युटर उचलून दुकानात घेऊन आले, एक बाजू तिने, एक त्याने. ती म्हणाली, हा आता वर दवाखान्यात ठेवायचाय, पेशंटच्या नोंदींसाठी, तेवढा गेम पुसून द्याल का. मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम.  मामाने पहिल्यांदाच मला चहा सांगितला.
एकेक नाव काढायला घेतलं. सहाही जणांच्या वेळी मशीनने विचारलं, एवढा पराक्रमी माणूस, नक्की काढायचा का. सहाही वेळा हो म्हटलं, फिजिओच्या वेळी जरा जोरात.
सातव्याच्या वेळी विचारलं नाही. बटण दाबलं आणि गेलो.