बुधवारची हसायची चाचणी

प्रिय मामा,

पत्र आलं म्हणजे कुणी गेलं असं समजू नकोस. सगळे धडधाकट आहेत. फोन तू उचलत नाहीस, मामी उचलते आणि "ते झोपलेत" म्हणते. आठ महिने झोपायला तू काय कुंभकर्ण आहेस? म्हणून कागद घेतला. एवढं मी दहावीच्या पेपरातही लिहिलं नव्हतं, आणि निकाल तुला माहीत आहेच.

ताईच्या नव्या घरी मी तुझ्या मांडीवर पाण्याचा अख्खा जग ओतला, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. आईने सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली दिली, ताई म्हणाली एकवीस वर्षांची घोडी झाली तरी अक्कल नाही, आणि तू ओल्या पँटनेच निघून गेलास. त्याचं पुढे बघू. आधी माझ्या नोकरीचं ऐक, कारण तुला कुणी सांगितलं नसणार. घरात तो विषय निघाला की आईला एकदम गॅसवर काहीतरी करपल्याची आठवण होते.

आमचा कारखाना पूर्वी पावाच्या पिशव्या करायचा. आता लघवीच्या पण करतो. ऑपरेशनमुळे म्हण, वयामुळे म्हण, ज्या पुरुषांना लघवी धरून ठेवता येत नाही त्यांनी चड्डीच्या आत लावायची, भरली की काढून टाकून द्यायची. आत पाणी शोषून घेणारी भुकटी, वर चिकटपट्टी. सहा महिन्यांपूर्वी हे काम आलं तेव्हा बाकीच्या पोरींनी नाकं मुरडली, मी हात वर केला. आता मी त्याच्या सीलिंग मशीनवर असते. दोन गरम पट्ट्यांमध्ये प्लास्टिक दाबायचं, की कड चिकटते. जास्त दाबलं तर जळते, कमी दाबलं तर गळते. पिशवीची आखणी एक इंजिनियर बाई करते, तिला सगळे मॅडम म्हणतात. इतकी गंभीर बाई मी शाळेतसुद्धा पाहिली नाही, आणि शाळेत मला सगळ्या गंभीरच भेटल्या.

पहिली पिशवी चालताना चुरचुर वाजायची. मॅडमला ते पटेना, म्हणे कपड्याच्या आत कुणाला ऐकू येतंय. मग मी एक पिशवी जीन्सच्या आत घातली आणि तिच्या खुर्चीमागून चार फेऱ्या मारल्या. तिने मान वर न करता विचारलं, "वेफर्स कोण खातंय?" दुसऱ्या दिवशी मऊ प्लास्टिकचा रोल मागवला.

दर बुधवारी चार माणसं पिशवी वापरून बघायला यायची, दवाखान्याने पाठवलेली. त्यात एक रिटायर झालेला बस कंडक्टर. पहिल्या दिवशी चौघंही भिंतीला पाठ लावून असे उभे, जशी मी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर असायचे. मॅडम त्यांना जिना चढायला लावायची, मग उठा, बसा, वाका, खोका. सगळं कोरडं. वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा. आणि दोन दिवसांनी फोन, घरी गळली. तीन आठवडे हेच. मालक म्हणाला, यांना नीट लावताच येत नाही. कंडक्टरला लागलं ते. "साहेब, चाळीस वर्षं धावत्या गाडीत तिकिटं फाडली, एक पट्टी चिकटवता येणार नाही होय?" मालकाने सांगून टाकलं, दोन महिन्यांत जमवा, नाहीतर परत पाव.

चौथ्या बुधवारी मी मॅडमच्या वहीत रबरी पाल ठेवली. बाईने वही उघडली, पालीकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुमचं नाव यादीत नाही." चौघंही फुटले. कंडक्टर तर पोट धरून पुढे वाकला, आणि मध्येच एकदम गप्प झाला. मी त्याचा चेहरा बघितला. तसा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. तो उठला आणि दारातून निघून गेला. नंतरचे दोन बुधवार आलाच नाही.

मी मॅडमला म्हटलं, ही माणसं जिन्यावर गळत नाहीत, हसताना गळतात. खोकला तुम्ही सांगून काढता, तेव्हा माणूस आवळून तयार असतो. हसू काय सांगून येतं? आणि पोट धरून हसताना माणूस पुढे दुमडतो, पिशवी चेपते, भुकटीत मुरायच्या आधीच आतलं वरच्या तोंडातून उसळतं. मॅडम म्हणाली, तोंड घट्ट करू. मी म्हटलं, मग ते काचेल, दिवसभर कोण लावेल? उशीचा अभ्रा बघा. ना बटण, ना नाडी. आत एक घडी असते, उशी बाहेर यायला लागली की तिथेच अडकते. तशी घडी आतून द्या. अकरा नमुने वाया गेले, कारण मशीनखाली ती घडी बाहेरच्या थरालाच चिकटून बसायची. शेवटी मध्ये बटर पेपरची पट्टी सरकवून दाबायचं आणि मग पट्टी ओढून घ्यायची, हे मी काढलं. मॅडमने वहीत माझं नाव लिहिलं. आतापर्यंत माझं नाव फक्त फळ्यावर लागायचं, बडबड करणाऱ्यांत.

कंडक्टरला मॅडमने स्वतः फोन करून बोलावलं. नवी पिशवी लावून तो बसला, मी मालकाची नक्कल केली, तो खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. मग उभा राहिला, स्वतःच्या पँटवरून मागे-पुढे हात फिरवला आणि म्हणाला, "हं, पुढची नक्कल?" वहीत आता जिना आणि खोकला याखाली हसण्याचा वेगळा रकाना आहे. तो माझा.

आता त्या पाण्याचं. तुझ्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनला तेव्हा तीनच महिने झाले होते. मी मामीच्या फोनवरच्या बोलण्याची नक्कल करत होते आणि तू नेहमीसारखा सगळ्यांत मोठ्याने हसत होतास. मग मध्येच गप्प झालास. मांड्या आवळून बसलास, आणि तुझी राखाडी पँट गडद होत गेलेली मला दिसली. ताई फोटोसाठी सगळ्यांना उठवत होती. टेबलावर पाण्याचा जग होता. मला दुसरं काही सुचलं नाही, मामा. माझं नाव आधीच खराब, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा आली नाही. खराब नावाचा असाही उपयोग असतो. तुला वाटलं असेल मी थट्टा केली. किंवा तुला कळलं असेल की मला दिसलं, आणि ते जास्त झोंबलं असेल. यातलं नक्की कुठलं ते ठरेना, म्हणून मीही गप्प राहिले.

पण हे पत्र माफीसाठी नाही. पिशव्यांचं पाकीटही पाठवत नाहीये, तू ते न फोडता कपाटावर टाकशील, मी ओळखून आहे. माझं तुझ्याकडे काम आहे. कंडक्टरने बुधवार सोडला, मित्रांबरोबर सहलीला निघालाय, चौदा तास बसने, तेही तिकीट काढून. त्याची खुर्ची रिकामी आहे. उरलेले तिघं गालातल्या गालात हसतात, त्याने पिशवीचं काहीच कळत नाही. मॅडमने विचारलं, दुमडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारं कुणी माहितीत आहे का. मी म्हटलं, एक आहे, पण सध्या बंद पडलाय. ती म्हणाली, बोलवा. तुझं नाव वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय. बुधवारी अकराला ये, पिशवी लावायची खोली वेगळी आहे, तिथे मी येत नाही. आणि यायचं नसेल तर मामीकडून निरोप नको. तू स्वतः फोन करून मला "येणार नाही जा, कार्टे" असं म्हण. तेवढं म्हणालास तरी माझं अर्धं काम झालं.

तुझीच, आणि तुझ्यावरच गेलेली,
कार्टी