मार्शाने घातलेल्या वेण्या

ब्रिस्टल
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. सुलक्षणामावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अर्चनावहिनीने त्याचा फोटो छान काढून पाठवला होता, अक्षर न् अक्षर लागलं. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. मार्शा गेल्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचतो. ते पत्र छापून तिच्या फोटोमागे ठेवलं आहे.

आम्ही दोघं ठीक आहोत. तनू शाळेत जाते, मी ऑफिसात जातो, म्हणजे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतो. भाजी मला दोन प्रकारची येते, आणि त्या दोन्ही एकच आहेत असं तनूचं म्हणणं आहे. परवा मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं की पुष्कर, केस वाढवायची नवी स्टाइल का. मी म्हटलं, वेळ मिळत नाही.

खरा प्रश्न केसांचाच आहे, पण तनूच्या. तिचे केस आईवर गेले आहेत हे तू पाहिलं आहेस. दाट, अगदी बारीक कुरळे, ओढले तर खांद्याखाली आणि सोडले तर कानाशी. मार्शा ते दर दोन-तीन आठवड्यांनी धुवायची, सोडवायची आणि परत वेण्या घालायची. अख्खा रविवार जायचा आणि मी तेवढा वेळ बाहेर राहून मदत करायचो. हॉस्पिटलात जायच्या आधी तिने तनूला शेवटच्या वेण्या घातल्या, डोकंभर बारीक बारीक, टोकाला निळे मणी. त्या अजून तशाच आहेत. मुळाशी नवे केस वाढून त्यांचा लोकरीसारखा थर झालाय. तनू कुणाला हात लावू देत नाही. रात्री स्वतःच सॅटिनची टोपी घालते आणि झोपते.

मार्शाची आई, डोरीन, लीड्सहून सांगते की आता उशीर झाला. वेण्या आणखी राहिल्या तर केस एकमेकांत गुंतून जटा होतील आणि मग कात्रीशिवाय सुटणार नाहीत. तिच्या बोटांना संधिवात आहे, प्रवास झेपत नाही. म्हणजे उरलो मी. मी विमानाच्या पंखांचं सॉफ्टवेअर लिहितो, मावशी. केसांचं काय करू, ते तू सांग. हॉस्टेलच्या मुलींची इतकी डोकी तू न्हाऊ घातली आहेस.

लोभ आहेच, तो माझ्या अडाणीपणामुळे कमी होऊ नये.

तुझा,
पुष्कर

*

मिरज
१६ जानेवारी २०२५

चि. पुष्करास अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाली. यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही, तरी अर्चनाने शेजारून आलेल्या दोन वड्या माझ्यापुढे ठेवल्याच. मी एक खाल्ली. मार्शाला गुळाची पोळी किती आवडायची ते आठवलं आणि दुसरीही खाल्ली.

अरे, केसांचं एवढं काय घेऊन बसलास? वसतिगृहात दर रविवारी चाळीस मुली माझ्यापुढे ओळीने बसायच्या आणि एकीचीही रड ऐकून घेतली नाही मी. नीट वाच. खोबरेल तेल कोमट कर, हात भाजेल इतकं नको. पोरीला पाटावर बसव, तू मागे खुर्चीवर बस आणि तिला गुडघ्यांत धर, म्हणजे पळणार नाही. तेल मुळाशी जिरव. मग वरून खाली फणी फिरव. मार्शाला मी दिलेली शिसवी फणी असेलच घरात. त्यानंतर शिकेकाईने खसाखसा धू. गुंता म्हणजे नुसता आळस असतो, दुसरं काही नाही.

एकदम सगळं डोकं काढू नकोस. मागची एखादी वेणी सोडून बघ. आणि ओरडू नकोस तिच्यावर. तू ओरडणारा नाहीस, पण तू गप्प झालास की समोरच्याला ओरडल्यासारखंच वाटतं. लहानपणापासून आहे तुझं ते.

तू पाठवलेल्या फोटोत तुझीही जटा दिसली. ते सुतक म्हणून ठेवलं असशील तर सुतक संपलं. आळस असेल तर न्हाव्याकडे जा.

तब्येतीला जप. तनूला माझा मुका.

आशीर्वाद आहेतच, ते तेलासारखे वरचेवर लागतील तेवढे घे.

तुझी,
सुलक्षणामावशी

*

ब्रिस्टल
१९ जानेवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या सूचना तंतोतंत पाळल्या. परिणाम कळवतो.

आधी तनूशी वाटाघाटी झाल्या. मानेवरची एकच वेणी, जी आरशात दिसत नाही, तेवढी सोडायची परवानगी मिळाली, तीही दोन तास कार्टून आणि पॅनकेक यांच्या बदल्यात. पाट नव्हता म्हणून बाथरूममधलं पाय ठेवायचं स्टूल घेतलं. तेल कोमट केलं. शिकेकाई ईस्टनच्या भारतीय दुकानातून आणली. दुकानदाराने विचारलं बायकोसाठी का, मी हो म्हटलं आणि पिशवी न घेताच बाहेर पडलो.

वेणी सुटली. मणी वाटीत ठेवला. तेल जिरवलं, म्हणजे जिरलं नाही, वरच राहिलं. मग मी फणी मुळाशी लावली आणि खाली ओढली. फणी आली नाही, तनू आली. स्टुलासकट. मी दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा फणीचे दोन दात मोडून केसांत राहिले. तनू अशी किंचाळली की शेजारच्या आजोबांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी तेलाच्या हातांनी, कपाळाला शिकेकाई लावून दारात उभा राहिलो आणि केस धुतोय म्हणालो. त्यांनी माझ्याच केसांकडे पाहिलं आणि हो, बरं करताय म्हणाले.

पुढे शिकेकाई तिच्या डोळ्यांत गेली. बाथरूम गढूळ झाली. त्या बटेचा काथ्यासारखा गोळा झाला. तनूने तो हाताने चाचपला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की मम्मी करायची तेव्हा दुखायचं नाही. मग खोलीत जाऊन तिने मार्शाचा पिवळा स्कार्फ डोक्याला गुंडाळला. शाळेत स्कार्फ का, हे विचारणारा मेल उद्या येईल, त्याचं उत्तर मी तयार ठेवलं आहे. जरा लांबलं आहे.

मोडके दात मी काढले. गोळा मात्र तसाच आहे. डोरीनला व्हिडिओवर दाखवला तेव्हा तिने कॅमेरा अगदी जवळ धरायला लावला. मग म्हणाली की तो कदाचित वाचेल, पण मी आणखी एकदा असं केलं तर मानेवरचे केस गेले समज. बाकीच्या वेण्या तनू आता मुळीच सोडू देणार नाही. तिच्या आईने घातलेल्या वेण्या एकतर डोक्यावर जटा होऊन बसतील नाहीतर माझ्या हातून कापल्या जातील, एवढेच दोन रस्ते मला दिसतात.

तुझी चूक नाही. चूक मीच मन लावून केली.

लोभ शिल्लक असेल तर राहू द्यावा.

पुष्कर

*

मिरज
२२ जानेवारी २०२५

चि. पुष्करास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अर्चनाने मला मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या आजोबांपर्यंत आलो तेव्हा आम्ही दोघी हसलो, पुढच्या वाक्यांना हसू गेलं.

रात्रभर काहीतरी डोक्यात घोळत होतं, ते सकाळी चहा पिताना आठवलं. लग्नानंतर तुम्ही इथे आला होतात तेव्हा मी मार्शालाही अशीच माझ्यापुढे बसवली होती. हीच शिसवी फणी घातली ती तिच्या केसांत उभीच राहिली, खुंटीसारखी. ती इतकी हसली की मलाही हसू आलं. मग तिने खुणेने तांब्याभर पाणी मागितलं. केस ओले केले, थोडंसं तेल नंतर वरून लावलं आणि बोटांनीच सोडवू लागली, टोकापासून वर वर. मी म्हटलं उलटी पद्धत दिसते. उलटी आमचीच होती. आमचे केस सरळ, त्यांना तेल आधी चालतं. हिच्या केसांना आधी पाणी लागतं आणि तेल ते पाणी आत धरून ठेवायला. हे माझ्या डोळ्यांसमोर होऊनही मी तुला फणी लिहिली. चाळीस डोक्यांचा गर्व, दुसरं काय.

आता माझं ऐकू नकोस, डोरीनबाईंचं ऐक. त्यांना बोटं नाहीत पण डोळे आहेत, तुला बोटं आहेत. फोन समोर ठेव आणि त्या सांगतील तेवढंच कर.

आणि तनूवर जबरदस्ती नको. ती केसांसाठी अडून बसलेली नाही, हे तुला मी सांगायला नको.

न्हाव्याकडे गेलास का?

मोडकी फणी टाकू नकोस, तिच्यावर मार्शा हसली होती.

तुझी,
सुलक्षणामावशी

*

ब्रिस्टल
२ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तनूला मराठी वाचता येत नाही, म्हणून तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. फणी खुंटीसारखी उभी राहिल्याचं तिने तीनदा वाचायला लावलं. न्हाव्याचं वाक्य मी गाळणार होतो, पण नजर तिथे अडली आणि तिने विचारलंच.

त्यानंतरच्या शनिवारी मी तिला घेऊन न्हाव्याकडे गेलो. दारापर्यंत. तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. तनूने कारण विचारलं. मी म्हटलं, फार गर्दी आहे. ती मागे जाऊन काचेतून आत डोकावली आणि येऊन सांगितलं की आत एकच माणूस आहे आणि तो झाडू मारतोय.

मग फुटपाथवरच ती म्हणाली की बाबा, तुझेपण मम्मीने कापलेले आहेत ना. मावशी, लॉकडाऊनपासून माझे केस मार्शाच कापायची, किचनमध्ये, टॉवेल बांधून, मला हलू नकोस म्हणून दरडावत. शेवटचे ऑक्टोबरात कापले होते. मी वेळ मिळत नाही असं सगळ्यांना सांगत होतो आणि मला स्वतःलाही ते पटत होतं. आठ वर्षांच्या पोरीला नाही पटलं. मी हो म्हटलं. ती माझा हात धरून चालली. घराच्या दाराशी तिने निकाल दिला. आधी तिच्या वेण्या मी सोडायच्या, मग माझे केस ती कापणार. दोघांचं एकाच दिवशी.

गेल्या रविवारी झालं. डोरीनला टॅबलेटवर धुण्याच्या टोपलीवर बसवलं. तिने आल्याआल्या पहिला हुकूम सोडला की त्या बाईंचं तेल बाहेर ठेव. मग एकेक वेणी. स्प्रेच्या बाटलीने पाणी, भरपूर कंडिशनर, मुळाशी घट्ट धरायचं म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, बोटांनी टोकापासून सुरुवात आणि मग रुंद दातांचा कंगवा. मी चुकून वर गेलो की टोपलीवरून टोकं, टोकं असा गजर. एकदा तिने फार मायेने डार्लिंग म्हटलं. मी थॅंक यू म्हणालो. ते तनूला होतं.

मध्येच माझ्या हातात मूठभर केस आले. मावशी, आजारपणात मार्शाचे केस असे हातात यायचे. मी मूठ पाठीमागे घेतली, पण तनूने आरशात पाहिलं होतं. दोघंही थांबलो. डोरीनच्या लक्षात आलं असावं, तिचा आवाज एकदम बदलला. ती तनूला म्हणाली की तुझे रोज थोडे थोडे केस गळतात, सगळ्यांचेच गळतात, वेणीत अडकले म्हणून इतके दिवस पडले नाहीत, ते आज एकदम पडले, इतकंच. तनूने विचारलं, आजारी नाही ना मी. डोरीन म्हणाली, नाही, माझ्या बाळा. तनूने मान पुढे केली. मी पुढची वेणी घेतली.

सगळ्या सुटल्यावर केस तसेच नागमोडी उभे राहिले, जशा तिने वेण्या घातल्या होत्या त्याच वळणांनी. आता फक्त पाणी सोडायचं होतं, म्हणजे ती वळणं गेली असती. मी शॉवर हातात धरून, पाणी गरम होतंय अजून, असं सांगत राहिलो. पाणी चांगलं गरम होतं, आरसासुद्धा धुकटला होता. डोरीन टोपलीवर चष्मा पुसत राहिली. शेवटी तनूनेच वाटीतले मणी हलवून पाहिले, सगळे आहेत म्हणाली, आणि डोळे मिटून सांगितलं, बाबा, सोड आता.

मी सोडलं.

मानेवरचा गोळाही सुटला, अर्ध्या बाटली कंडिशनरने. दोन पेडांचे तीन जाड पीळ घातले, वरून लोशन आणि शेवटी हलकं तेल. मग मी टॉवेल बांधून स्टुलावर बसलो. तनूने केस कापायचं मशीन चालवलं, मला हलू नकोस म्हणून दरडावलं आणि डाव्या कानावर एक गोल चकती पूर्ण साफ केली. मॅनेजरने सोमवारी कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल असं सुचवलं. मी सुरूच ठेवला.

मी घातलेले पीळ बुधवारपर्यंत टिकले. एक डायनिंग हॉलमध्ये सुटला, दुसरा पीटीच्या तासाला. जो राहिला तो म्हणे डोक्यावर कोळंबी बसल्यासारखा दिसत होता. तनू रोज विचारते की हे कधी सोडायचे. आईच्या वेण्यांना ती हात लावू देत नव्हती आणि बाबाचे पीळ सोडायला तिला रविवारपर्यंत थांबवत नाही. मला याचा किती आनंद झालाय ते तुला कळेल.

आज तो रविवार आहे. तिचे केस कंडिशनरमध्ये भिजले आहेत, डोरीन टोपलीवर बसली आहे आणि दोघी मला हाका मारताहेत. यावेळी टोकाला मार्शाचे निळे मणी घालायचं ठरलं आहे. फणी तिच्या फोटोशेजारी ठेवली, दोन दात कमी.

लोभ आहे, तो वरचेवर ओला करत जावा.

तुझा,
पुष्कर