सहाव्या नंबरची दोरी

१८ जानेवारी, शेटलंड बेट

वारा. आज समुद्रातल्या माशांच्या पिंजऱ्यांवर जायचं नाही असं इंगाने सकाळीच सांगितलं. दिवसभर शेडमध्ये बसून जाळी शिवली. इंगा आमची मुकादम. बाई आहे, पण मनगट माझ्या दुप्पट. म्हणाली, "ए ग्रीनॉकवाल्या, काहीतरी बोल. नाहीतर सगळे झोपतील इथे."

म्हणून आजोबांच्या मातीची गोष्ट सांगितली. शवपेटी थडग्यात दोऱ्यांनी सोडतात; कोण कुठल्या नंबरची दोरी धरणार ते घरचे चिठ्ठ्यांवर लिहून वाटतात. एक नंबरची दोरी पेटीच्या डोक्याकडची, ती थोरल्या मुलाने धरायची. हे कुणाला शिकवावं लागत नाही. थोरला डूगल काका. पण चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा एक नंबर निघाला बाबाच्या हातात — धाकट्याच्या! काकाला सहा. पार गुडघ्यापाशी, बोलिंग क्लबच्या खजिनदारासमोर. काकाने रागाने दोरी अशी सैल सोडली की आजोबा एका कुशीवर खाली गेले. नंतर हॉटेलात सगळे जेवायला बसले. काका काही बसला नाही. डुकराच्या सॉसेज रोलची अख्खी थाळी त्याने कोटाच्या खिशांत रिकामी केली आणि चालता झाला.

इंगाने सुई खाली ठेवली. हसून हसून तिला टाका दिसेना.

तेव्हापासून बाबा आणि काका बोलत नाहीत. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. एक समोरून आला की दुसरा रस्ता ओलांडतो. हेही सांगितलं. ह्याला जास्त हसले.

२ फेब्रुवारी

गावाच्या हॉलमध्ये रविवारचा चहा होता. छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी. सूप, केक, म्हाताऱ्या. इंगाने मला न विचारताच माझं नाव दिलं होतं. ढकललंच वर.

तीच गोष्ट सांगितली. थाळीच्या आधी जरा थांबायचं असतं. लोकांना खिसे दिसू द्यायचे, मग रोल. आज कळलं.

खाली उतरल्यावर एक आजी म्हणाली, "तुझा काका जिवंत आहे का रे?" म्हटलं, आहे. "मग तू फार लांब राहतोस ते बरंय."

९ फेब्रुवारी

मासे. थंडी. लिहिण्यासारखं काही नाही.

२० फेब्रुवारी

ग्लासगोहून फोन. बेअर्ड म्हणून कुणी आहे, विनोदाचा क्लब चालवतो. इंगाच्या मुलीने चहाच्या दिवशी माझं चित्रण केलं होतं, ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेलं. म्हणाला, १५ मार्च, सात मिनिटं. फक्त ती मातीची गोष्ट कर, दुसरं काही नको. लोकांनी घेतलं तर तुला दर शनिवारचा कार्यक्रम देईन.

शनिवार मिळाले तर पिंजरे सुटतात. मला शाळा जमली नाही, वेल्डिंग जमलं नाही, बेकरीतून काढलं. लोकांना हसवणं एवढंच जमतंय असं दिसतं. तेही एकाच गोष्टीवर. दुसरी करून पाहिली, माशांची. शेडमध्ये कुणी मानसुद्धा वर केली नाही.

बाबाला फोन केला. म्हणाला, "शेटलंडात काय हवं ते सांग. तिथे मेंढ्या ऐकतात. ग्लासगोत नको."

"का?"

"डूगलच्या कानावर जाईल."

"जाऊ दे की. तुला कधीपासून त्याची काळजी?"

फोन ठेवला त्याने.

२१ फेब्रुवारी

इंगाला सांगितलं. ती बोटीचं इंजिन पुसत होती. म्हणाली, "बापाला कशाला विचारलंस? ज्याचं हसं करतोस त्याला विचार."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर मासे आहेतच."

८ मार्च, ग्रीनॉक

काकाकडे गेलो. दार त्यानेच उघडलं. किती वर्षांनी.

"बापाने पाठवलं?"

"नाही."

"मग ये आत."

शीना काकू बटाटे सोलत होती. मी काय कामाला आलोय ते सांगितलं. काका खुर्चीत बसला, हाताची घडी घातली. "कर. इथेच कर. ऐकू दे तरी मला."

चूल आणि फ्रिज यांच्या मध्ये उभा राहून सात मिनिटं केली. काकाच्या तोंडावरची माशी हलली नाही. काकूची पाठ आमच्याकडे. पेटी कलली तिथे तिचं सोलणं थांबलं. थाळीपाशी खांदे हलायला लागले.

संपल्यावर काका म्हणाला, "रोल मी घेतले नव्हते. मी हॉटेलात गेलोच नाही."

"डूगल, कोटाला डाग होता," काकू वळली नाही.

"तो चिखलाचा."

"चिखलाला डुकराचा वास येत नाही रे."

काका माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "सांग तू. माझी ना नाही. पण थडग्यापाशी तुझा बाप मला काय म्हणाला, तेही सांग."

"काय म्हणाला?"

"त्यालाच विचार, पोरा."

जेवूनच जा म्हणाली काकू. जेवलो. काकाने मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली.

९ मार्च

बाबा बुटांना पॉलिश करत होता. विचारलं. आधी हातातला बूट पूर्ण केला त्याने.

मग म्हणाला, "म्हातारा दवाखान्यात होता ना, तेव्हा डूगल तिकडे इंग्लंडात, कॉर्बीला, पोलादाच्या कारखान्यात. मी त्याला कळवलंच नाही."

"कळवलं नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही कळवलं. म्हातारा रोज विचारायचा, डूगल आला का. मी समोर बसलेला. सूप भरवतोय मी, भांडं धरतोय मी, आणि डूगल आला का!" दुसरा बूट उचलला. "मेल्यावर कळवलं."

"आणि थडग्यापाशी?"

"म्हटलं, उशीर केलास. सहाच उरलाय." ब्रश फिरत होता. "चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या."

हे सांगू का, असं विचारलं. "तुझं तू बघ," म्हणाला.

म्हणजे मी हिवाळाभर चुकीच्या माणसाला हसवत... नाही, चुकीच्या माणसावर हसवत होतो. गोष्ट मात्र आधीपेक्षा चांगली झालीय. हे लिहायला बरं वाटत नाही. पण झालीय.

१२ मार्च

सगळी फिरवून बसवली. आता गोष्टीतला वेडा काका नाही, बाबा. आरशासमोर केली. चालते.

१५ मार्च

क्लब तळघरात. छत हाताला लागतं. बाबा दारूच्या टेबलाशी उभा. काका-काकू मागे, दाराजवळ. मी दोघांनाही बोलावलं होतं, पण एकमेकांचं सांगितलं नव्हतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघं भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागले.

सुरू केलं. बाप मरतोय आणि हा भावाला कळवत नाही. सूप भरवतो आणि जळतो. मग घरी बसून सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहितो, सहावर दोनदा गिरवतो. (हे माझ्या पदरचं.) असं हसू मी आजवर ऐकलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एक टकल्या ओरडला, "असल्याला पेटीबरोबरच खाली सोडायचा होता!" आणखी हसले.

मागे खुर्ची पडली. काका उभा.

"गप बसा. भाऊ आहे तो माझा. म्हाताऱ्याचं हगणंमुतणं त्याने काढलंय. तुझ्यात आहे का रे हिंमत, टकल्या?"

बाबा ग्लासात बघत होता. माझ्याकडे अजून वेळ होता आणि डोक्यात काहीच नव्हतं. तोंडातून आलं, "हा सहा नंबर."

छप्पर कोसळायचं बाकी राहिलं. त्यांना वाटलं आमचं ठरलेलं आहे. काकालाही टाळ्या पडल्या. तो खाली बसला, खुर्ची नव्हती, काकूने धरला.

बाहेर आलो तेव्हा तिघं बसथांब्यावर. काकू मध्ये. बस आली, बाबा बाजूला झाला, काका आधी चढला. मग बाबा. मी चढलो नाही. पुढची घेतली.

२३ मार्च, शेटलंड

बेअर्डचा फोन. शनिवार देतो म्हणाला. अट एक — तो मागून ओरडणारा म्हाताराही पाहिजे, फार खरा वाटतो. काकाला विचारलं. म्हणाला, येईन, पण खोटं ओरडायला जमणार नाही, खरा राग यायला हवा. बाबाला हे कळवलं. तो म्हणाला, "मग माझ्याबद्दल आणखी वाईट बोल."