डोळ्यापर्यंतची उंची

३ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे एल्डर फॉल्सला! सामान उतरवून होतंय तोवर शेजारची लॉर्ना दारात. हातात बटाटे आणि खिमा घातलेलं, वरून चीज वितळलेलं गरम भांडं. मागोमाग तिचा नवरा ड्वेन. त्याने न विचारताच आमच्या सोफ्याला खांदा दिला. हे दोघं थँक्सगिव्हिंगच्या आत गाव सोडणार आहेत. ड्वेनला डुलुथला काम मिळालंय. लॉर्ना म्हणाली, अगं, तुम्ही दोघं आलात, आम्ही दोघं चाललो, गावाची बेरीज तेवढीच! खाण बंद पडल्यापासून इथे नुसती वजाबाकी चाललीय म्हणे.

ग्रेडीला बर्फ काढायच्या गाडीवर हिवाळ्यापुरतं काम आहे. वसंतात आम्ही ओरेगनला, माझ्या बहिणीकडे. आणि मलाही इथे काम मिळालं. हॉबर्ट म्हणून एक म्हातारा आहे, त्याचं खेळण्यांचं दुकान. दर नोव्हेंबरात गावाचा क्लब चर्चच्या तळघरात मोठी लढाई मांडतो, प्लास्टिकचे हिरवे सैनिक विरुद्ध झाँबी. त्या सैनिकांना शोभतील असे झाँबी मी करायचे. ग्रेडी म्हणतो, राणीसरकार, माझी बायको मढी रंगवते हे तुझ्या बहिणीला मी तरी सांगणार नाही.

६ ऑक्टोबर

विकतचे झाँबी इथे चालत नाहीत. डोकी भोपळ्यासारखी, पंजे फावड्याएवढे. हिरव्या सैनिकाशेजारी ठेवले तर बाप-लेक दिसतात. म्हणून सैनिकालाच झाँबी करायचा. इथे त्याला ‘फिरवणं’ म्हणतात. घोट्यात कापून पाऊल वळवायचं, उकळत्या पाण्यात हात मऊ करून वाकवायचा, फाटलेल्या मांसाच्या जागी पुट्टी. उंची मोजायची ती तळव्यापासून डोळ्यापर्यंत, कारण वर कुणाचं हेल्मेट असतं, कुणाची टोपी. हे मला आधीच ठाऊक होतं म्हणून हॉबर्ट खूश झाला.

सैनिक तो स्वतः मागच्या खोलीत साच्यात ओततो आणि एकेक निवडून देतो. आज टेलिफोनवाला दिला. मी त्याचं डावं पाऊल कापून मागे वळवलं, मान उजव्या खांद्यावर पाडली. हॉबर्टने भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, झकास, पोरी. मेलेला दिसायला हवा, पण आधी कोण होता तेही ओळखू यायला हवं.

१४ ऑक्टोबर

ड्वेन डावा पाय ओढतोय. लॉर्ना सांगत होती, पायाला मुंग्या आल्या त्या जायचं नाव घेईनात, डॉक्टरला काही सापडत नाही. डुलुथचं रद्द. भरलेली खोकी परत माळ्यावर चढली. तिला वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. ड्वेन पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होता. मान उजव्या खांद्यावर.

ड्वेन टेलिफोनच्या तारा ओढायचं काम करतो. करायचा.

दिवसभर माना आणि पाय बघून माझी नजरच बिघडली असणार.

१९ ऑक्टोबर

परवा बॉम्ब फेकणाऱ्या सैनिकाचा उगारलेला हात उकळत्या पाण्यात धरून खाली आणला, बोटं फाकवली. चांगला जमला.

आज ग्रेडी केस कापायला गेला आणि वाढलेल्या केसांनीच परत आला. न्हावी एव्हरेटचा हात कोपरापर्यंत भाजलाय. कशाने, ते त्यालाच सांगता येत नाही. बोटं मिटत नाहीत. ग्रेडीला त्यातही गंमत वाटली. हा एव्हरेट म्हणे वर्षभर गिऱ्हाइकांना एकच ऐकवायचा, दुकान विकतो आणि फ्लोरिडाला मुलाकडे जातो. आज ग्रेडीने विचारलं तर म्हणाला, जायचं कशाला?

मी हसले नाही. ड्वेनही जाणार होता. तोही आता जात नाही.

हॉबर्टला विचारलं की सैनिक कुणावरून बनवता. त्याने मला कॉफी ओतून दिली.

२२ ऑक्टोबर

हॉबर्टला जेवायला बोलावणं ग्रेडीचं. दुसरी बिअर पोटात गेल्यावर त्याने ओरेगनचं सगळं सांगून टाकलं. मी टेबलाखालून लाथ मारली, तर मोठ्याने विचारतो, अगं, लाथ का मारतेस?

हॉबर्ट म्हणाला, जावं की, तरुणांनी जावंच. मग गोड खाऊन उठला आणि ग्रेडीला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. ग्रेडीने विचारलं, माझी शवपेटी बनवताय का, आजोबा? तो म्हणाला, छे रे, क्लबात नवा गडी आला की त्याचाही सैनिक होतो. लाकडावर पेन्सिलीने रेघ ओढली.

डोक्याच्या वर नाही. डोळ्याशी.

२६ ऑक्टोबर

नवा सैनिक. धावणारा, हसऱ्या तोंडाचा. डाव्या कानाचा तुकडा गेलेला. ग्रेडीला लहानपणी कुत्रा चावला होता, तो कान.

मी म्हटलं, पुट्टी संपली. हॉबर्टने नवा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, हा मी फिरवणार नाही. तो रागावला नाही. समजुतीने बोलला. इथे कुणी मरत नाही, पोरी. फक्त राहतात. माणसं निघून गेली तर गाव कशाचं? लॉर्नाला विचार, ती सुखात आहे की नाही. तू नाही केलंस तर मी करीन, पण माझा हात आता कापतो, सुरी घसरते.

सैनिक मुठीत धरून घरी पळत आले. तो मागे आला नाही. का आला नाही?

२७ ऑक्टोबर

ग्रेडीला सगळं सांगितलं. आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. म्हणाला, बरं, उद्या सकाळी निघू. तुझ्यासाठी. भुतांसाठी नाही.

लॉर्ना दोनदा डोकावून गेली. काही हरवलंय का, विचारत होती. ड्वेन फाटकाशी. आमच्या गाडीकडे बघत.

सैनिक मोज्यात गुंडाळून डब्यात घातला. डबा शेगडीमागच्या फळीवर, भांड्यांआड. तिथे कुणी बघणार नाही. कुणाची सुरी लागणार नाही —

२८ ऑक्टोबर

शेगडी. ग्रेडीने पेटवली. मी उठायच्या आत, मला थंडी वाजू नये म्हणून.

डबा हाताला चटका देण्याइतका तापलेला. आत सैनिक — गुडघे दुमडलेले. डोकं छातीवर. सुरी नाही. हॉबर्ट नाही. मीच.

ग्रेडी टेबलाशी. हनुवटी छातीला टेकलेली. कॉफी तशीच. मी म्हटलं, ऊठ, निघायचंय. तो म्हणाला —

जायचं कशाला, म्हणाला.

नंतर

उपाय आहे. वाकलेलं प्लास्टिक उकळत्या पाण्यात सोडलं की आपोआप मूळ आकारावर येतं. ओतलं होतं तसं. मग लगेच गार पाण्यात. शंभरदा केलंय.

पण एव्हरेटचा हात भाजला तो त्याच पाण्याने. हात फक्त. हा अख्खा —

नाही केलं तर तो राहील. पायरीवर. ड्वेनसारखा. आणि मी शेजारी बसून सुखात.

पाणी उकळलं. लिहिते, कारण हात स्थिर व्हायला हवा. गार पाण्याचं पातेलं जवळ. सैनिक चिमट्यात. ग्रेडीला विचारलं, ओरेगनला यायचंय ना रे? मान उचलायला बघतोय. उचलत नाही. डोळे तेवढे वर आले. हो म्हणतोय की नको, मला — त्याच्या डोळ्यांत —

एकदाच, ग्रेडी. सोस. मी लगेच गार पाण्यात —