मोन्सिन्योरसाठी थंड खोली

ओवाये, ४ मार्च

प्रिय ओतिलिया,

तुला खूप खूप प्रेम, आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. तुझी पाठ कशी आहे? डावा गुडघा? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालतेस ना, की उघडलेली बाटली कपाटातच पडून आहे? लोनकिमायला थंडी पडू लागली असेल. इकडे अजून दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. माझं मनगट जुळलं आहे, फक्त पाव मळताना कुरकुरतं. बाकी मी ठीक आहे. (हे वाक्य सगळ्यांना लिहायची सवय झाली आहे, म्हणून तुलाही लिहून गेले.)

पत्राचं कारण पहिल्या पानावर यावं, वाचणाऱ्याला शोधायला लावू नये, असं शाळेत सिस्टर बेनिग्ना शिकवायच्या. तर कारण असं, की तू मोन्सिन्योरला तुझ्याकडे ठेवून घेशील का? या महिन्याच्या शेवटी मी हे घर रिकामं करून लेकीकडे, फाबिओलाकडे, सांतियागोला राहायला जाते आहे आणि तिथे त्याला जागा नाही. तुझ्या घराच्या मागची खोली, जिथे तू सफरचंदं ठेवतेस, ती उन्हाळ्यातसुद्धा थंडगार असते, असं तूच एकदा लिहिलं होतंस. चिंचिलाला एवढंच लागतं. थंडी आणि कोरडी हवा. आणि थोडा मान.

तू इथे आली होतीस तेव्हा त्याला ससा म्हणाली होतीस. तो ससा नाही. उंदीरही नाही, फाबिओला काहीही म्हणो. सशाहून लहान, खारीसारखी झुपकेदार शेपटी, कान वटवाघळाचे असतात तसे पातळ, आणि अंगावर अशी लव की बोट घातलं तर कुठे गेलं कळत नाही. याच लवेपायी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे प्राणी डोंगरातून जवळजवळ संपवले. एव्हारिस्तोला ते फार लागायचं. तू त्याला ओळखत होतीस, पाद्री व्हायची सेमिनरी सोडून, माझ्याशी लग्न करून भूगोलाचा मास्तर झाला तरी दुसऱ्यांच्या पापांचं प्रायश्चित्त घ्यायची हौस काही गेली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी लवेच्या कातड्यांचा एक व्यापारी धंदा बंद करत होता, त्याच्याकडून त्याने एक जोडी आणली. म्हणाला, आता यांना घरात वाढवायचं, पिल्लं चांगल्या कुटुंबांत द्यायची, म्हणजे लोकांना कळेल की हा गळ्यात घालायचा प्राणी नाही.

जोडी आणली खरी, पण त्यातला नर कोण आणि मादी कोण, हे तो विचारायला विसरला. विसरला असं तो म्हणायचा. मला वाटतं, दुकानात बायका उभ्या होत्या म्हणून लाजला. पुस्तकात लिहिलं होतं की शेपूट उचलून पाहा. आता तूच सांग, आपल्या शाळेत शिकलेली बाई आणि सेमिनरीत शिकलेला पुरुष, दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभं राहून एका मुक्या जिवाची शेपूट उचलायची? आम्ही एकदा ठरवलं होतं. दिवा लावला, चष्मे घातले, आणि मग एव्हारिस्तो म्हणाला, "राहू दे, क्लोतिल्दे, स्वभावावरून कळतंच की." दोघांनाही हायसं वाटलं. मी चहा टाकला.

स्वभावावरून असं दिसलं, की एक मोठा, खाली उतरायला नाखूष. आला त्याच दिवशी वरच्या फळीवर जाऊन बसला आणि आमच्याकडे नापसंतीने पाहू लागला. आपल्या शाळेत बिशप आले होते, आठवतं? करडा झगा, सगळ्यांत चांगली खुर्ची, ताटातल्या सगळ्या वड्या खाऊन वर गाण्यात चुका काढल्या. हुबेहूब. म्हणून तो मोन्सिन्योर, बिशपना म्हणतात तसं. दुसरी लहान, भित्री, मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसणारी, तिचं नाव इन्माकुलादा. मोन्सिन्योर तिला फळीवरून ढकलायचा. राग आला की मागच्या पायांवर उभा राहून तिच्या अंगावर मुतायचा, आणि नेमही असा की कधी चुकला नाही. मी इन्माकुलादासाठी प्रार्थना करायचे. किती बायकांचं असंच असतं, असं मनात यायचं.

गुड फ्रायडेला आम्ही चर्चमधून परत आलो, तर मोन्सिन्योरला जुळं झालेलं. दोन्ही पिल्लं उघड्या डोळ्यांनी, अंगभर लव घेऊन जन्मलेली, आमच्याकडे बघत होती. इन्माकुलादा त्यांच्यावर पोट टेकून त्यांना ऊब देत बसली होती. एव्हारिस्तो म्हणाला, "आता नावं बदलायची का?" मी म्हटलं, इतक्या दिवसांनी नको, त्यांना सवय झाली आहे. आमचीच सवय होती खरं तर. म्हणून आजही मी मोन्सिन्योरला तो म्हणते. तूही तसंच म्हण, तो दुसऱ्या कशाला ओ देत नाही. (याही नावाला देत नाही, पण कान वळवतो.)

पुस्तकात पुढे असंही होतं की बाळंतपणानंतर नराला ताबडतोब वेगळं ठेवावं, नाहीतर त्याच दिवशी पुन्हा दिवस राहतात. एव्हारिस्तोने मधली जाळी आणलीही. पण लावताना त्याचे हात थांबले. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, हे तो वर्गातल्या पोरांना तीस वर्षं सांगत आला होता, आता स्वतःच्या कोठीघरात तोडायचं कसं? जाळी भिंतीला टेकून राहिली. बरोबर एकशे अकरा दिवसांनी आणखी दोन. आठ वर्षांत तेवीस पिल्लं झाली, ओतिलिया, केवळ विवाहाच्या पावित्र्यामुळे.

आणि त्या तेवीसातलं एकही त्याने विकलं नाही. घ्यायला येणाऱ्याची तो एवढी चौकशी करायचा की लोक कंटाळून मांजर आणायचे. शेवटी त्याने आपली रीत काढली. पिल्लू द्यायचं ते घेणाऱ्याला त्याचे धर्मबाप-धर्मआई करूनच. पेपे चुलत्याला एक, बेकरीवाल्या नोर्माला एक, पोस्टातल्यांना दोन. चहापाव, एक फोटो, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे. अर्धी गल्ली आमची सोयरी झाली. तेव्हा मला ते फार छान वाटायचं. आता त्याचा तोटा कळला. कोमाद्रेला तोंडावर नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मदत मागितली की सगळे हो म्हणतात. आणि मग सापडत नाहीत.

मागायची वेळ का आली तेही सांगते, फाबिओलाकडून वेगळं ऐकलं असशील. जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, एका दुपारी पारा तेहतीसवर गेला. या प्राण्यांना पंचविसाच्या वर सोसत नाही, घाम येत नाही बिचाऱ्यांना. मी दर तासाला बर्फाची बाटली एव्हारिस्तोच्या मोज्यात घालून पिंजऱ्यावर ठेवते. स्टुलावर चढले आणि बाटलीसकट खाली आले, मनगट तेव्हाच मोडलं. दोन तास फरशीवर पडून होते. फरशी गार होती, तेवढं एक बरं. मोन्सिन्योर वरच्या फळीवरून उतरून खाली आला, जाळीला नाक लावून माझ्याकडे पाहत बसला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आमचे डोळे एका पातळीवर होते. मी त्याला सांगितलं, की एव्हारिस्तो असता तर आत्ता हाका मारत आला असता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उभा राहिला आणि माझ्या तोंडावर मुतला. पण थोडंच, ओतिलिया, मनापासून नाही.

नोर्मा यीस्ट मागायला आली म्हणून सापडले. दुसऱ्या दिवशी फाबिओला आली. दारातच म्हणाली, "आई, तू एका उंदरापायी मरणार होतीस."

"तो उंदीर नाही."

"बरं, मग खारीपायी मरणार होतीस. बॅग कुठे आहे तुझी?"

तिचं चुकत नाही. चौदाव्या मजल्यावर तिने माझ्यासाठी एक खोली तयार केली आहे. पांढरा रंग दिला आहे, पलंगाला नवी गादी. खिडकी सुरक्षेसाठी पक्की बंद आहे, पण काच मोठी आहे, समोरच्या इमारतीतले लोक जेवताना दिसतात. जावई दम्याचा. पिठाची धूळ उडाली तरी खोकतो, आणि चिंचिला तर अंघोळच धुळीने करतो. ज्वालामुखीची बारीक राख थाळीत घातली की त्यात लोळून असा काही धुरळा उडवतो की भिंतीवरचे संतसुद्धा पांढरे होतात. तेव्हा तिथे तो नको, हे मलाही पटतं. सगळंच पटतं मला. त्याचाच कंटाळा आला आहे.

घरात चार उरले होते. इन्माकुलादा पाच वर्षांपूर्वी गेली (गेला). त्यानंतर आठ दिवस मोन्सिन्योर राखेत उतरला नाही, आणि वरच्या फळीवर एका बाजूला सरकून बसायचा, जागा ठेवल्यासारखा. आता तिघा धाकट्यांना ला सेरेनाची एक मुलगी घेऊन गेली, जनावरांची डॉक्टर होते आहे, बघताक्षणी शेपट्या उचलून सगळं सांगून मोकळी झाली. मी दुसरीकडे पाहत होते. म्हाताऱ्याला मात्र कुणी घेत नाही.

नोर्मा म्हणाली, "आणा ना, कोमाद्रे. हे घर तुमचंच आहे." मी पिंजरा उचलून गेले तर दार बंद, आत रेडिओ चालू, आणि पडद्याखाली तिच्या निळ्या चपला दिसत होत्या, पायांसकट. मी पाच मिनिटं उभी राहिले. ती पण. मग मी मोठ्याने म्हटलं, "नोर्मा घरी दिसत नाही," आणि परत आले. संध्याकाळी तिने ताजा पाव पाठवला, अजून गरम होता. आम्ही त्याबद्दल कधीच बोलणार नाही.

मग फाबिओलाने फोनवरून कुठेतरी त्याचा फोटो टाकला. एक बाई गाडी घेऊन आल्या. नखं सुंदर, बोलणं गोड. मोन्सिन्योरच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं, "एका कॉलरला एकाने भागत नसेल, नाही का? असे किती लागतात हो?" मला उत्तर माहीत होतं, एव्हारिस्तोने शंभरदा सांगितलं होतं, पण तोंडातून आलं ते असं: "चहात साखर किती?" आणि मी त्यांना चहा दिला, ओतिलिया. अवोकाडो लावून पावही दिला. हाकलून द्यायचं कसं ते आपल्याला कुणी शिकवलंच नाही. ते काम मोन्सिन्योरने केलं, रेशमी पोलक्यावर, गळ्यापासून खालपर्यंत. त्या दिवशी मी त्याला दोन मनुका दिल्या.

त्याचा त्रास काहीच नाही. लसूणघास वाळलेला, कुरतडायला सफरचंदाची फांदी, दिवसाआड राख, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर एक मनुका. पाणी अंगावर पडू द्यायचं नाही. कुणी अचानक धरलं तर लवेचा पुंजका हातात सोडून निसटतो, तेव्हा धरायचं नाही, हात पुढे ठेवून वाट पाहायची. मी एकोणीस वर्षं पाहते आहे. संध्याकाळी त्याच्याशी थोडं बोलायचं. काय बोलतो यापेक्षा आवाज ओळखीचा असावा लागतो.

फाबिओलाने अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढून ठेवलं आहे. मी त्याला तुझ्याकडे पोचवायचं आणि दोन दिवसांनी तिथून थेट सांतियागोला जायचं, असं ठरलं आहे. म्हणजे तिने ठरवलं आहे. तू लवकर कळव.

तुझी,
क्लोतिल्दे

ता. क. एक राहिलं. म्हाताऱ्या जनावराला नव्या घरात एकदम सोडून येऊ नये, असं पुस्तकात आहे. ओळखीचं माणूस पंधरा दिवस तरी सोबत लागतं. काहींना महिना लागतो. एका ठिकाणी तर अख्खा हिवाळा लागला असं मी वाचलं (किंवा ऐकलं). मला कुठेही झोप लागते, आणि पाव मी अजून चांगला करते.

ता. क. दुसरा, शनिवार. पत्र टाकायचं राहिलं होतं. काल दुपारी मोन्सिन्योर गेला. उष्मा नव्हता, पारा एकवीस होता, मी तीनदा पाहिला. वरच्या फळीवर, एका बाजूला सरकून. अंगणात डाळिंबाखाली ठेवलं त्याला. पुरण्याआधी अंगावरून हात फिरवला, पहिल्यांदाच पुरता फिरवू दिला.

म्हणजे वरची सगळी पानं आता खोटी झाली. फाडणार होते, पण मग लक्षात आलं की विचारायचं होतं ते त्यांत कुठे नव्हतंच. त्या खोलीत मी एकटीच आले तर चालेल का? पंधरा दिवसांपुरतं नाही म्हणत मी. नाही जमणार असेल तर सरळ नाही लिही.

फाबिओलाला मी सांगितलेलं नाही. रोजच्यासारखा काल संध्याकाळी तिचा फोन आला, "कसा आहे तो?" विचारलं, मी म्हटलं खातो आहे. अठ्ठाविसाला ती स्वतः मला बसवर बसवायला येणार आहे, त्यामुळे पिंजरा घेऊनच निघावं लागेल. त्यात थोडा लसूणघास घालीन आणि वर चादर टाकीन. तिला तो कधीच आवडला नाही, ती उचलून पाहणार नाही.