थंडा लोहार

३ नोव्हेंबर १९८१, मंगळवार

आज तांबं ठोकलं! अकरा वर्षांनी! हात काही विसरले नव्हते.

झालं असं — ऑइल कूलरचं तांब्याचं झाकण फोर्कलिफ्टने पार चेपलं. नवीन झाकण जर्मनीहून यायला सहा आठवडे. आमचा जर्मन सुपरवायझर मिस्टर वर्नर ते हातात घेऊन उभा. तीन वर्षांत हा माणूस माझ्याशी ‘गुड’ आणि ‘नो गुड’ याखेरीज बोललेला नाही. मी पुढे होऊन म्हटलं, “सर, आय डू.” का म्हटलं कोण जाणे. कतारात, मेसईदच्या या कारखान्यात मी पत्रा कापणारा फॅब्रिकेटर. तांब्याचं माझं इथे कुणाला ठाऊकही नाही.

गॅसवर झाकण लाल केलं आणि उचलून पाण्याच्या पिंपात बुडवलं. साहेब तिकडून धावतच आला. नो, नो, नो! त्याला वाटलं, आता वाट लागली. पोलादवाला माणूस. पोलाद तापवून पाण्यात घातलं की कडक होतं आणि ठोकलं की तडकतं. तांब्याचं तसं नाही. एकदा लाल झालं की ते मऊ पडतं, पाण्यात घातलं तरी मऊच राहतं. मग गार असतानाच ठोकायचं. लाकडी मोगरी घेतली आणि कडेकडेने सुरुवात केली.

दीड तास ठोकत होतो. साहेब दीड तास तिथेच. पोचा निघाला, मग लहान हातोडीने वरून बारीक ठोके देत मठारलं. शेवटी सगळ्या झाकणावर आमच्या घरच्या घागरीसारखे ठिपके उठले. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि ‘गुड’सुद्धा न म्हणता निघून गेला.

४ नोव्हेंबर

बोटं आखडलीत. चमचा धरता येत नाही. पण मजेत आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार

काय लिहू आणि किती लिहू!

चहाच्या सुट्टीत साहेबाने बोलावलं. झाकण बसलं, थेंबभर तेल गळत नाही. कुठे शिकलास? मी म्हटलं, वडील, आजोबा, त्यांचे आजोबा, सगळे हेच. त्याने माझ्या गेट पासवर बघितलं. धोंडीराम सोपान. “सोपान फॅमिली नेम?” म्हटलं, नाही, ते वडिलांचं. इथल्या कार्डावर स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि खलास. आडनाव कुणी विचारतच नाही. मग मी सांगितलं — तांबट. तांबट म्हणजे कॉपर ठोकणारा माणूस.

साहेब हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात बघितले! म्हणाला, माझंही तसलंच आहे. आणि मग कळलं की वर्नर हे त्याचं आडनावच नाही! ते पाळण्यातलं नाव. आम्ही अख्खं वर्कशॉप तीन वर्षं त्याला मिस्टर वर्नर म्हणतोय. म्हणजे मला कुणी मिस्टर धोंड्या म्हणावं तसं! बिचारा एकदाही बोलला नाही.

आडनाव काल्टश्मिट. मी चारदा म्हणून बघितलं. श्मिट म्हणजे लोहार, त्यांच्याकडे पैशाला पासरी. आमच्या प्लांटमध्येच दोन आहेत. पण काल्ट म्हणजे थंड. थंडा लोहार! असं आडनाव त्याला उभ्या जन्मात घराबाहेर भेटलेलं नाही. शाळेत पोरं चिडवायची — तुमच्या पणजोबाच्या भट्टीतला जाळ विझला वाटतं! घरातही तीच गोष्ट सांगायचे. कुणीतरी पूर्वज आळशी लोहार, भट्टी पेटवायचा कंटाळा करायचा. आजोबा तर हे नाव सांगायची वेळ आली की पुटपुटायचे.

मी ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. म्हटलं, सर, तो आळशी नव्हता. तो लोहारच नव्हता. लोहार तापलेलं ठोकतो. गार झालेलं कोण ठोकतं? मंगळवारी तुमच्या डोळ्यांसमोर कोण ठोकत होतं?

साहेबाने कप खाली ठेवला. माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, पुन्हा सांग.

पुन्हा सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, टेबलावर मोगरीसारखी मूठ आपटून. भट्टीजवळची पोरं बघायला लागली. साहेब आज रात्रीच बहिणीला पत्र लिहिणार. ती त्यांच्या गावच्या जुन्या दफ्तरात विचारून बघणार आहे. माझा तर्क चुकला तर? चुकायचा नाही. हातांना कळतं.

८ नोव्हेंबर

काल आनंदात एक गोष्ट लिहायची टाळली. लिहूनच टाकतो.

साहेबापुढे छाती फुगवून तांबट म्हणालो. आणि गेल्या सुट्टीत मीच सही करून आलोय, तांबट नाव बदलायला! दादाने — माझा थोरला भाऊ, पोपटराव, शाळेत मास्तर आहे — फॉर्म पुढे ठेवला. गॅझेटात छापून आणायचं, निमगावकर. दादा म्हणाला, “जात आणि धंदा सांगणारं आडनाव आता कोण लावतं? धंदा तरी कुठे उरलाय?” स्टीलच्या भांड्यांनी आमच्या आळीची वाट लावली, ते खोटं नाही. दुकान मोडून मीही पत्रा कापायला आधी शहरात आणि मग इथे आलो. आणि माझा शहाजी दहा वर्षांचा. त्याला शाळेत पोरं ‘टुक् टुक्’ करून चिडवतात. तांबट पक्षी ओरडतो ना, तसं. तो रडत आला आणि मी सही ठोकली. पोरांची नावं बापाच्या सहीने बदलतात.

कागद अजून दादाकडेच असतील. पोरांचे दाखले गोळा झाले की पाठवणार होता.

माझ्या खोलीतला जहूर, रत्नागिरीचा, टाइमकीपर, त्याला सांगितलं. तो हसला. “कार्डावर तुजा आडनावच नाय, मग बदलला काय नि ऱ्हवला काय? आमच्या गावात सगल्यांचा एकच आडनाव. पोस्टमन रडतो.” पण मग झोपताना म्हणाला, “थांबवायचा असंल तर बेगीन थांबव.”

१९ नोव्हेंबर

दादाला पत्र लिहायला बसलो. ‘ती. दादास सा. न.’च्या पुढे सरकलो नाही. त्याच्या शब्दापुढे मी आजवर गेलेलो नाही. शिवाय साहेबाच्या बहिणीचं उत्तर आलेलं नाही. पुरावा हातात येऊ दे, मग लिहीन. दादा मास्तर आहे, त्याला पुरावा लागतो.

२५ नोव्हेंबर

साहेबाला ठोकायला शिकवतोय! चहाच्या सुट्टीत भंगारातला तांब्याचा तुकडा घेऊन. आज अंगठा ठेचून घेतला. जर्मन शिव्या झकास वाटतात ऐकायला. ॲश-ट्रे करायला निघालाय, सध्या तरी ते चेपलेलं पातेलं आहे. मी म्हटलं, नो गुड. सगळे खो खो हसले, तोही.

वर्कशॉपभर मला ‘हेर तांबट’ म्हणून हाक मारतो. हेर म्हणजे श्रीयुत. इथे आल्यापासून हे आडनाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. प्रत्येक हाकेला बरं वाटतं आणि प्रत्येक हाकेला ती सही आठवते.

८ डिसेंबर, मंगळवार

आलं! पत्र आलं! आणि मी बरोबर होतो!!

साहेब सकाळी सातला गेटवरच उभा. हातात निळा लिफाफा. बस थांबायच्या आत मला खिडकीतून दाखवत होता. शिफ्टचा भोंगा झाला तरी आम्ही तिथेच. तो एकेक ओळ जर्मनमध्ये वाचायचा, इंग्रजीत सांगायचा, मी मान हलवायचो.

त्यांच्या गावच्या दफ्तरातल्या म्हाताऱ्या कारकुनाने जुन्या वह्या काढल्या. त्यांच्याकडे पूर्वी प्रत्येक धंद्याची पंचायत असायची. भट्टीवर लोखंड घडवणारे लोहार एकीकडे. तांब्या-पितळेची पातेली, कढया गार ठोकणारे दुसरीकडे. त्या दुसऱ्यांना म्हणायचे थंडे लोहार. काल्टश्मिट! एकाच्या अंगणात दुसऱ्याने काम करायचं नाही, भांडणंसुद्धा नोंदलेली आहेत. म्हणजे जाळ विझलेला नव्हता. आळशीबिळशी कुणी नव्हतं. तो तांबट होता. सरळ सरळ तांबट!

आणि बहिणीने आणखी एक केलं, बाई हौशी दिसते. त्यांच्या पोस्टात देशभरच्या गावांच्या टेलिफोनची पुस्तकं ठेवलेली असतात. तिने दोन दिवस उभं राहून अकरा जाडजूड पुस्तकं चाळली. श्मिट पानंच्या पानं. काल्टश्मिट सगळी मिळून चौदा. एका मोठ्या शहराच्या पुस्तकात तर एकही नाही. चौदापैकी एका बाईला तिने फोनही लावला. ती म्हणे रडायला लागली. तिला वाटत होतं, आता आपणच उरलो.

साहेबाचे डोळे लाल झाले होते. म्हणाला, आजोबांना हे सांगायला हवं होतं. मग माझा हात धरून बराच वेळ हलवत राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आज सगळ्या वर्कशॉपमध्ये फिरून स्वतःचं पूर्ण नाव सांगत होता. तिकडच्या दोन श्मिटना तर मुद्दाम जाऊन.

आमच्या निमगावात आता तांबटांची घरं उरली दोन. एक आमचं, एक दादाचं. निमगाव सोडलेला जो तो निमगावकर. मी काय करून बसलोय! पुरावा पुरावा करत महिना घालवला. शुक्रवारी दोहाला जाऊन तार.

११ डिसेंबर, शुक्रवार

जहूरला घेऊन कंपनीच्या बसने दोहाला गेलो. तार ऑफिसात रांग. इंग्रजी जहूरने लिहिलं, तीनदा खोडलं. नाव बदलू नका, कागद पाठवू नका, पत्र मागाहून येत आहे. खाली माझं नाव घालताना कारकुनाने विचारलं, फुल नेम? मी पूर्ण सांगितलं. धोंडीराम सोपान तांबट. आवाज जरा मोठाच लागला.

परत येऊन दादाला आठ पानी पत्र लिहिलं. काल्टश्मिट, चौदा घरं, म्हातारा कारकून, सगळं. शहाजीला वेगळं पान — तुला टुक् टुक् म्हटलं तर सांग, जर्मनीतही आपली माणसं आहेत.

बाहेर गार वारा सुटलाय. पेटीतून स्वेटर काढून घातला. खूप हलकं वाटतंय.

१७ डिसेंबर

उत्तर नाही. साहेबाची ॲश-ट्रे आता ॲश-ट्रेसारखी दिसते.

२९ डिसेंबर, मंगळवार

दादाचं पत्र. “तुझी तार पोचली, परंतु उशीर झाला. ३ तारखेच्या गॅझेटात आपली नावे छापून आली आहेत. शाळेच्या रजिस्टरातही बदल करून घेतला. तुझे विचार वाचून कौतुक वाटले, पण भावनेवर संसार चालत नाही. पासपोर्टचे तू तिकडे बघून घे.”

आठ दिवस. फक्त आठ दिवसांनी हुकलं. १९ नोव्हेंबरला तेच पत्र पुढे लिहिलं असतं तर. भ्यालो. दादाला भ्यालो आणि त्या भीतीला नाव दिलं, पुरावा नाही.

चहाच्या सुट्टीत साहेबाकडे गेलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं.

९ जानेवारी १९८२, शनिवार

मुक्ताचं पत्र आलं. माझी बायको चौथीपर्यंत शिकलेली, आजवर पत्रं भाचीकडून लिहून घ्यायची. हे स्वतःच्या हाताने लिहिलंय.

“तुमची तार भाऊजींनी वाचून दाखवली. तुम्हाला राग येईल म्हणून कळवलं नव्हतं, पण माझ्या कागदावर मी सही केलीच नाही. भाऊजी दोनदा येऊन गेले. लग्नात माझं नाव, आडनाव दोन्ही बदललं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, म्हणून नको म्हटलं.”

दादा निमगावकर, मी निमगावकर, पोरं निमगावकर. आमच्या घरात तांबट आता एकच आहे, आणि ती जन्माने तांबट नाही.