एकोणीस हजार किलोमीटरचे टायर

४ डिसेंबर १९८६
वरच्या कचेरीतून परिपत्रक — 'टायरचे आयुष्य वाढवा'. दवाखान्याची जीप नऊ वर्षं चालवतोय, पण टायरात हवा भरायची असते हे आज कळलं! 'खड्डे टाळावेत.' टाळतो की! मग जीप झाडांवरून न्यावी लागेल.

७ डिसेंबर
मागचे टायर पुढे, पुढचे मागे. हवा मोजून भरली. एक टायर आतल्या कडेनं इतका झिजलाय की दोरे दिसतात. दोऱ्यांबद्दल परिपत्रकात काही नाही. स्टेपनी ऑक्टोबरपासून चाकालाच लागलीय; जादा टायर नाही.

१० डिसेंबर
नव्या टायरचा अर्ज परत. 'टायर बत्तीस हजार चालणे अपेक्षित. मीटरप्रमाणे एकोणीस हजार.' वर कारकूनच म्हणतो, "सोमाजीभाऊ, गाडी चालवता का घासून राह्यले?" सगळे हसले. मीही.

१४ डिसेंबर
रविवार. डॉक्टरसाहेबांच्या सासुरवाडीला, नागभीडला, जाऊन आलो. बाईसाहेबांनी वाटभर रस्त्याला नावं ठेवली. रस्त्यानं आमचं उरलंसुरलं रबर ठेवून घेतलं.

१७ डिसेंबर
दुपारी जवळच्या गावचा झिंगू धापा टाकत आला. बायको बुधरी अडली, पहिलीच खेप. नर्स गुणाबाईला घेऊन गेलो, बुधरीला मागं निजवलं. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर, भर जंगलात, टायर फुटला.
"आता कसं करता भाऊ?" झिंगू.
मी म्हटलं, तणस आण. पळतच गेला, कुणाच्या तरी खळ्यावरून भाताच्या पेंढ्याचे दोन भारे आणले. टायर पहारीनं उचकटला, तणस ठासून भरली, तसंच हाकललं. माणूस चालतो त्या वेगानं.
"जल्दी करा भाऊ, बाई थंडी पडून राह्यली," गुणाबाई मागून ओरडत होती.
पोचलो. बुधरी वाचली.
पोर रडलंच नाही. मुलगी होती.

१९ डिसेंबर
डॉक्टरसाहेबांनी लेखी खुलासा मागितला — टायर का फुटला? 'रस्ता खराब' असं लिहिलं. साहेब म्हणाले, "छान लिहिलंय." माझं अक्षर नेहमीच चांगलं!

२१ डिसेंबर
झिंगू कोंबडी घेऊन आला. "तुमच्यानंच वाचली ते. नाई म्हनू नका." नवे टायर दिले नाहीत म्हणून वरच्या कचेरीला त्यानं गोंडीत शिव्या घातल्या. मी मान हलवत होतो. कोंबडी ठेवून घेतली. का घेतली?

२३ डिसेंबर
सायकलनं झिंगूच्या गावी गेलो, कोंबडी परत घेऊन. सांगितलं — साहेबांच्या खासगी फेऱ्या दिसू नयेत म्हणून तीन वर्षं मीटरची केबल मीच काढत होतो. टायर केव्हाच बत्तीस हजारांच्या पुढे गेले होते. मीटर खरा असता तर नवे मिळाले असते.
झिंगूनं कोंबडी माझ्या हातातून घेतली. दारातून बुधरीनं विचारलं, "मंग अर्जात हे काऊन नाई लिवलं?"